शकूअक्का आणि जाहिरातवाली कंपनी

शकूअक्कांकडे कुणी काही घेऊन गेलं, की त्या आधी त्या वस्तूकडे बघायच्या, मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे, आणि मग विचारायच्या, "कसाले?"

कशाला, एवढाच त्याचा अर्थ. पण अक्का तो शब्द असा काही उच्चारायच्या, की आपण खरंच काहीतरी लबाडी करायला आलो आहोत असं माणसाला वाटू लागायचं. मी जळगावात त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा रीत म्हणून पेढे घेऊन गेले होते. दार हातभर उघडलं. मी म्हटलं, "मी मीना. इथल्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. शेजारचं घर घेतलंय, म्हणून पेढे."

"ते दिसतंय. पण कसाले?"

पेढ्यांनाही कारण लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी वाटी ठेवून घेतली आणि संध्याकाळी त्याच वाटीत शेंगदाण्याचे लाडू घालून आणून दिली. "बरोबर झालं," म्हणाल्या आणि वळून गेल्या. ही बाई आपल्यावर रागावलीय की काय, असं पुढे कितीतरी दिवस मला वाटत राहिलं. रागावल्या नव्हत्या. कुणाचं काही अंगावर राहू द्यायचं नाही आणि कुणी उगाच काही देत नसतं, या दोन गोष्टींवर त्यांचा पक्का विश्वास होता. बाकी कशावरच नव्हता.

गॅसचा सिलिंडर आला की त्या अंगणात ताणकाटा घेऊन उभ्या. वजन झाल्याशिवाय तो घरात येत नसे. दूधवाल्याने माप त्यांच्या समोर, त्यांच्या पातेल्यात, उजेडात ओतायचं. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशीच काटा पुसून घ्यायचा, हे मी स्वतः पाहिलंय. माहेर धुळ्याकडचं, साक्रीच्या बाजूचं. शांत असल्या की जळगावची नीटनेटकी मराठी बोलायच्या, डोकं फिरलं की अहिराणीवर यायच्या. सगळ्या गल्लीला ही खूण ठाऊक होती. अक्कांचा पहिला "कसाले" ऐकला की रिक्षावालेसुद्धा आवाज खाली आणायचे.

मी स्वतः काही भोळी नाही. इतकी वर्षं ग्रंथालयात काढलीत. पुस्तकाची पानं फाडून नेणारी मुलं किती निरागस तोंडाने परत देतात ते मला विचारा. त्यामुळे आमचं जमलं. संध्याकाळी ओट्यावर बसून आम्ही दोघी जगावर संशय घ्यायचो, आणि जग बहुतेक वेळा आमच्या संशयाला जागायचं.

अक्कांचे यजमान सायकलदुरुस्तीचं दुकान चालवायचे. ते गेल्यावर अक्कांनी कॉलेजच्या पोरांना डबे दिले, मुलगा नितीन शिकवला, पुण्याला नोकरीला लावला. घर दोघा नवराबायकोच्या कमाईचं, म्हणून त्यावर त्यांचा जीव होता. सासरचं सगळं कुटुंब धुळ्याला. थोरले दीर, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांच्या पत्नी सिंधूताई, त्यांची मुलं, सुना, नातवंडं. हे धुळेकर म्हणजे अक्कांच्या संशयाचं मुख्य ठिकाण. सिंधूताईंनी एका दिवाळीला साडी पाठवली, ती दुसऱ्या दिवशीच्या बसने परत गेली. मी म्हटलं, "अहो अक्का, साडीच ती. नेसली असती तर काय झालं असतं?"

"आज साडी देतील, उद्या म्हणतील शकूला आम्हीच सांभाळलं, परवा या घराचं नाव काढतील. मी ओळखून आहे."

मग गुडघे गेले. डबे बंद पडले. नितीन आला आणि म्हणाला, घर विकू, पुण्याला चल. तेव्हा अक्कांनी त्याच्याशी एक करार केला. मी तिथेच बसले होते म्हणून मला माहीत. त्या म्हणाल्या, "माझ्या पोटापुरतं माझं मी कमावतेय तोवर मी इथून हलणार नाही. ज्या दिवशी ते थांबेल त्या दिवशी मुकाट्याने येईन. पण तोवर एक पैसा पाठवायचा नाही आणि एक शब्द काढायचा नाही." नितीन लगेच हो म्हणाला. गुडघे गेलेली बाई आता काय कमावणार, असा त्याचा हिशेब असणार. मी त्याच्या जागी असते तर मीही हो म्हटलं असतं.

त्याच सुमारास गल्लीत कागद वाटले गेले. 'घरबसल्या कमवा, मोबाईलवरून कमवा, मोफत मार्गदर्शन'. अक्का तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "हे लोक कसे फसवतात ते बघून येऊ," म्हणाल्या. आम्ही दोघी एका मंगल कार्यालयात जाऊन मागच्या रांगेत बसलो. समोर एक कोटवाला तरुण भराभर बोलत होता. ब्लॉग फुकट काढता येतो. त्यावर आपल्याला जे येतं ते लिहायचं. लोक वाचायला आले की जाहिरातवाली कंपनी त्या पानावर जाहिराती लावते. कुणी जाहिरात दाबली की त्यातला वाटा आपल्याला. एवढं सांगून झाल्यावर तो मुद्द्यावर आला. पुढचं सगळं शिकायचं तर फी भरा. अक्का उठल्या. दारात येऊन मला म्हणाल्या, "फुकट होतं तेवढं घेतलं. विकत होतं ते त्याच्यापाशी राहू दे." तो तरुण बहुतेक अजून कुठेतरी फी गोळा करत असेल. पण त्याच्या एवढ्या जाहिरातबाजीतून खरोखर कमावणारं माणूस निघालं ते एकच, आणि तिने त्याला छदामही दिला नाही.

ब्लॉगचं नाव त्यांनी ठेवलं 'खात्री करून घ्या'. विषय स्वयंपाक. सगळा खान्देशी. मी त्यांना टाईप करायला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, मी बाजूला बसायचे आणि त्या पासवर्ड टाकताना कीबोर्डवर पदर धरायच्या. "तुझ्यावर संशय नाही," म्हणायच्या, "पण कुणी तुला विचारलं तर तुला खोटं बोलायला नको." म्हणजे माझ्या सोयीसाठीच ते सगळं चाललेलं.

मला वाटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे. पण लिहायला बसल्यावर त्यांचा तो संशयी स्वभावच कामाला आला. इतर लोक पाककृती लिहितात तेव्हा सगळं कसं छान जमतं म्हणून सांगतात. अक्का कुठे कुठे फसवणूक होते ते सांगायच्या. भरिताच्या वांग्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं: 'वांगं हातात घ्या. दिसायला मोठं आणि हाताला हलकं असेल तरच घ्या. जड वांग्यात बिया असतात. भाजीवाला शपथ घेईल. घेऊ द्या.' पुढे: 'गॅसवर भाजलं तरी खाता येतं. पण मग पाहुण्यांना ते काड्यांवर भाजलंय असं सांगू नका. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा वास लपत नाही आणि नसला तर तोही लपत नाही.' शेवभाजीत त्यांचा निम्मा लेख शेवेच्या भेसळीवर होता. खापरावरच्या मांड्यांवर लिहिताना त्यांनी पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, 'हे वाचून तुम्हाला मांडे येणार नाहीत. तरी वाचा.'

लोक वाचायला लागले. नाशिकचे, सुरतचे, पुण्यातले, दुबईत कामाला गेलेले. दुसऱ्याची पाककृती अक्का घरी करून बघायच्या, आपलीसुद्धा पुन्हा करून बघायच्या, 'काल माझ्या हातून मीठ बरोबर पडलं, ते नशिबाने की मापाने, सांगता येत नाही' म्हणायच्या. त्या भाज्या मी खाल्ल्यात. त्या काळात माझं वजन वाढलं त्याला मी एकटी जबाबदार नाही.

जाहिराती लागल्या तेव्हा मात्र गोंधळ उडाला. डाळबट्टीच्या लेखाशेजारी गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली. अक्का पांढऱ्या पडल्या. "मीना, माझे गुडघे दुखतात हे कंपनीला कुणी सांगितलं?" मी समजावलं, की आपण मोबाईलवर काय शोधतो त्यावरून त्यांना अंदाज येतो. झालं. त्या दिवसापासून आमच्या ओट्यावरच्या गप्पा सुरू व्हायच्या आधी त्या फोन दुपट्यात गुंडाळून आतल्या तांदळाच्या डब्यात ठेवून यायच्या. आणि ब्लॉगच्या तळाशी एक ओळ आली: 'बाजूला ज्या वस्तू दिसतात त्या मी वापरलेल्या नाहीत. त्यांचं त्यांना विचारा.' कंपनीने तेवढं चालवून घेतलं हे कंपनीचे उपकार.

पहिले पैसे बँकेत जमा झाल्याचा निरोप आला तेव्हा अक्का मला घेऊन बँकेत गेल्या. सगळे काढले. खिडकीशीच उभं राहून नोटा उजेडात धरून बघितल्या, घरी नेल्या, आणि दुसऱ्या दिवशी परत नेऊन भरल्या. "निघतात," म्हणाल्या. एवढंच. पण त्या संध्याकाळी त्यांनी फोनवर नितीनला फार हसत काहीतरी सांगितलं, आणि मला मनापासून बरं वाटलं. अक्का खऱ्या हसल्या की त्यांचे खांदे हलायचे. ते दृश्य क्वचित दिसायचं.

म्हणजे असं सगळं मार्गाला लागलं होतं. पोटापुरतं येत होतं. नितीन गप्प होता. त्यात कानबाई आली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून देवी सजवतात, आणि भाऊबंदकीतले सगळे, कुठे कुठे पांगलेले, एका घरी गोळा होतात. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारेसुद्धा. रोट म्हणजे देवीच्या प्रसादाचं जेवण. ते कुळातल्या माणसांनीच खायचं, बाहेरच्याला द्यायचं नाही. म्हणून शेजारीण असून मला ते कधी मिळालं नाही. अक्का त्याला दरवर्षी धुळ्याला जायच्या. जाताना म्हणायच्या, "देवीसाठी जाते. त्यांच्यासाठी नाही." त्या वर्षी परत आल्या तेव्हा खुशीत होत्या. सिंधूताईंच्या सुनेने सगळ्यांना ब्लॉग दाखवला होता. आबांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं की यातून पैसे कसे मिळतात, आणि अक्कांनी सांगितलं होतं. "बघत राहिले सगळे," अक्का म्हणाल्या. "शकूला काय येतं ते कळलं त्यांना."

त्यानंतर महिनाभराने कंपनीची मेल आली. इंग्रजीतल्या मेली मी वाचून दाखवायचे. ही मी आधी मनातल्या मनात दोनदा वाचली. तुमच्या पानावरच्या जाहिराती खऱ्या ग्राहकांनी दाबलेल्या नाहीत, कमाई वाढावी म्हणून मुद्दाम दाबल्या गेल्या आहेत, असं आम्हाला आढळलं. म्हणून खातं बंद करण्यात येत आहे. एकदा खातं बंद झालेल्या माणसाला ते पुन्हा मिळत नाही. फार तर अर्ज करा, आम्ही विचार करू.

जन्मभर दुसऱ्यावर संशय घेणाऱ्या बाईला तिच्याहून संशयी कुणीतरी भेटलं होतं. मला हसू यायला हवं होतं. पण अक्का ताट पडल्यासारख्या दचकल्या होत्या. "मी लबाडी केली म्हणतात?" त्यांनी विचारलं. "मी?"

मग संशयाचा सप्ताह सुरू झाला. पहिला मान इंटरनेटची वायर टाकणाऱ्याचा. मग नाशिकची कुणी एक बाई, जी तसलाच ब्लॉग लिहायची. मग तो मंगल कार्यालयातला कोटवाला. एका संध्याकाळी त्या माझ्याकडेही जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मी म्हटलं, "अक्का, विचारा ना सरळ." त्या म्हणाल्या, "नाही. तुला पासवर्ड माहीत नाही." बरं झालं तो पदर धरला होता, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

शेवटी मी ब्लॉगला कुठून किती लोक येतात तो नकाशा उघडला. कानबाईच्या आधी सगळीकडून थोडे थोडे. कानबाईनंतर रोज सकाळी एकाच गावातून, एकाच वेळी, झुंबड. धुळे.

अक्कांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग अहिराणीत म्हणाल्या, "घर जोयजे त्यास्ले." त्यांना घर हवंय. सगळं जुळत होतं. खातं बंद झालं की अक्का पुण्याला, अक्का पुण्याला गेल्या की घर विकायला, आणि विकायला निघालं की पहिला हक्क भावकीचा. खरं सांगते, मलाही पटलं. इतका सरळ हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याच्या बसमध्ये बसलो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. अक्का तिकीट मुठीत घट्ट धरून होत्या. आबांच्या घराच्या दाराशी आल्यावर त्यांनी डोक्यावर पदर घेतला, कारण आबा समोरच झोपाळ्यावर बसले होते. भांडायला आलेली बाई, पण थोरल्या दिरासमोर पदर हवाच.

सिंधूताई स्वयंपाकघरातून आल्या. गोल, ठेंगण्या, हसऱ्या. "शकू! अशी आचानक?" त्यांनी पाणी आणलं. अक्कांनी तांब्याला हात लावला नाही.

"ताई, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "मना ब्लॉगवर आठेथीन रोज सकाळले कोन जास? त्या जाहिराती कोन दाबस?"

सिंधूताईंनी तोंडावर हात घेतला. आबांकडे बघितलं. आबा झोपाळ्यावरून खाली बघू लागले. सापडले, मी मनात म्हटलं.

"तुले समजी गयं का व?" सिंधूताई म्हणाल्या, आणि एकदम हसायलाच लागल्या. "मी पोरेस्ले सांगेल व्हतं, शकूले कळू देऊ नका. बठ्ठास्नी दाबं व माय. बठ्ठास्नी." सगळ्यांनी, म्हणजे अख्ख्या घराने.

"कसाले?"

"तू कोनाकडथीन काही लेस का? साडी दिन्ही ती परत धाडी. कानबाईनी ववाळनी दिन्ही, ती देवीम्होरे ठी दिन्ही. मंग तू तठे जाहिरातनं सांगं, आनि आबा म्हनतस, हाई चांगलं शे. शकूना हातमा देवानं नही, तिले समजाव नही, आनि तिले पोची बी जाई."

शकूच्या हातात द्यायचं नाही, तिला कळू द्यायचं नाही, आणि तरी तिला पोचेल, असा आबांचा तोडगा. मग सिंधूताईंनी सगळं सांगितलं. कानबाईच्या दिवशी अक्का आत रोटाचा स्वयंपाक करत असताना बाहेर सगळ्या घराने आपापला फोन काढून, एकाच वायफायवरून, देवीसमोर बसून एकेक जाहिरात दाबली होती. ओवाळणी म्हणून. पोराटोरांनीसुद्धा. आणि मग तो नेमच झाला. सकाळी उठून तुळशीला पाणी घालायचं, अक्कांचं पान उघडायचं, जाहिरात दाबायची, मगच चहा. आबांना बोटाने नीट दाबता येत नाही, त्यांना नात दाबून द्यायची. कानबाईला आलेले धुळ्यातले बाकीचे भाऊबंदही आपापल्या घरी हेच करत होते. सांगताना सिंधूताईंचा चेहरा असा फुलला होता की माझ्याने तिकडे बघवेना.

कंपनीला त्यातलं तुळशीचं पाणी कसं दिसणार? तिला दिसलं एवढंच, की एकाच गावातल्या त्याच त्याच घरांतून पुन्हा पुन्हा, ठरावीक वेळी, काही विकत न घेता जाहिराती दाबल्या जात आहेत. लबाडी ओळखण्यात ती तरबेज होती. माया ओळखायची तिला गरजच पडली नव्हती.

मी अक्कांकडे बघितलं. आता उसळतील, म्हटलं. तुम्ही माझं वाटोळं केलं, मी आता रस्त्यावर आले, सगळं आता बाहेर पडेल. सांगायचा त्यांना हक्क होता. त्यांनी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायल्या. मग विचारलं, "रोज?"

"रोज व माय. एक दिन बी चुकनं नही."

अक्का उठल्या, सिंधूताईंच्या जवळ गेल्या आणि त्यांच्या पायाशी वाकल्या. सिंधूताई ओरडल्या, "आय व, गुडघा दुखतीन तुना!" वाकून उठायला अक्कांना माझा हात लागला.

"आते दाबू नका," अक्का म्हणाल्या. "पुरं व्हयनं. मनं भागी गयं."

"मंग आते आम्ही काय कराव?" सिंधूताईंचा चेहरा उतरला. हातातलं काम कुणी काढून घेतल्यासारखा.

"नुस्तं वाचा. आते कंपनीनं बदलेल शे. नुस्तं वाचं तरी पैसा भेटस."

मी तोंड उघडलं, आणि अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. खोटं बोलणाऱ्या माणसाला अंगणात उभं न करणारी ही बाई. सिंधूताईंना अडखळत वाचायला येतं, पण त्या म्हणाल्या, "वाचसू. रोज एक वाचसू." आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. अक्का पोटभर जेवल्या.

परतीच्या बसमध्ये मला अगदी सुटल्यासारखं झालं होतं. मी म्हटलं, "अक्का, आता सोपंय. अर्जात खरं खरं लिहू. नातेवाइकांनी अजाणता केलं, अमुक अमुक माणसं, आता थांबवलंय. अशा अर्जांचा ते विचार करतात." मी फोनवर तो अर्ज काढला. त्यात एक प्रश्न होता, हे कुणी केलं असावं असा तुमचा संशय आहे? त्यांची माहिती द्या.

"काय विचारलंय, परत सांग," अक्का म्हणाल्या.

मी परत सांगितलं.

"लिही, कुणावर नाही."

"अक्का, नावगाव दिल्याशिवाय ते ऐकणार नाहीत. नुसतं नातेवाईक म्हणूनही चालायचं नाही. आणि सिंधूताईंना काय कळणार आहे? कुठल्या देशातली कंपनी, कुठलं धुळे."

"तिला नाही कळणार. मला कळेल ना." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आंघोळ करून, तुळशीला पाणी घालून तिने केलंय ते. आणि मी तिचं नाव लबाडांच्या रांगेत लावू? घर राहावं म्हणून? नको, मीना. मी आयुष्यभर हीच नावं घेतलीत. आता पुरे."

मला रडू आलं. बसमध्ये, भर दुपारी, शेजारी एक माणूस केळ्यांचा घड घेऊन बसलेला असताना. अक्कांनी माझ्या हातात पदराचं टोक दिलं.

अर्ज तसाच गेला आणि अपेक्षेप्रमाणे परत आला. नितीनला कळलं तेव्हा तो धावत आला. त्यालाही वाईट वाटलं होतं, हे मी सांगायला हवं. तो म्हणाला, "आई, जाऊ दे तो करार. मी पैसे पाठवतो, तू राहा इथे." अक्का म्हणाल्या, "बोलले ते बोलले." मी माझ्या परीने सांगून पाहिलं. दुसऱ्या कंपन्या असतात म्हटलं. त्यांनी एकीच्या जुगार-सट्ट्याच्या जाहिराती बघितल्या आणि फोन पालथा ठेवला. धुळ्याला त्यांनी कळवलं, की गुडघ्यांना पुण्याचे डॉक्टर चांगले आहेत म्हणून जातेय. घर घ्यायला गिऱ्हाईक आलं ते परकंच. धुळ्याच्या कुणी चौकशीसुद्धा केली नाही, उलट आबांनी घर विकू नको म्हणून निरोप पाठवला होता.

जायच्या दिवशी सकाळी नितीनची गाडी दाराशी उभी होती. सामान भरून झालं होतं. अक्का मागच्या सीटवर बसल्या, मी काचेशी वाकून उभी होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सिंधूताई. अक्कांना नुकतंच समजलं होतं की फोन मोठ्या आवाजावर कसा ठेवतात, आणि त्या तो तसाच ठेवायच्या.

"शकू, निंघनी का? थांब जरासी. आजनं वाचानं राहेल शे." आणि पलीकडून सिंधूताई वाचू लागल्या. कळण्याची भाकरी. एकेक अक्षर जोडत, मध्येच मागे जात, 'ज्वारी आणि उडीद' या तीन शब्दांना त्यांनी बराच वेळ घेतला. नितीनने गाडी सुरू केली नाही. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. अख्खा लेख संपला.

"व्हयनं बठ्ठं वाचीसन," सिंधूताई धापा टाकत म्हणाल्या. "जमा व्हयना का व पैसा?"

नितीनने पुढच्या आरशातून आईकडे बघितलं. खातं बंद झाल्याचं त्याला माहीत होतं.

"व्हयना, ताई," अक्का म्हणाल्या. "आते सकाळले दुसरं वाचजा."

नितीनने किल्ली फिरवली.